'सायरन' : एका हाकेचे शब्दचरित्र

१

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या शहराच्या पश्चिमेस आवडी हे गाव आहे. मराठी माणूस हे नाव प्रथम ऐकतो तेव्हा त्याच्या कानात संतवाणीतली 'आवडी' उमटते आणि क्षणभर त्या परक्या गावाशी आपले जुने नाते आहे असे त्याला वाटू लागते. वस्तुतः या तमिळ ग्रामनामाचा आपल्या 'आवडी'शी काडीचाही संबंध नाही. खुद्द त्या गावात या नावाची निराळीच व्युत्पत्ती सांगितली जाते. 'आर्मर्ड व्हेइकल्स अँड ॲम्युनिशन डेपो ऑफ इंडिया' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून 'आवडी' हे नाव सिद्ध झाले, असे तेथील पुष्कळ लोक विश्वासाने सांगतात. गावाचे आजचे रूप पाहता ही व्युत्पत्ती कोणालाही पटावी. येथे १९६१ मध्ये अवजड वाहनांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६५ मध्ये त्यातून 'विजयंता' हा रणगाडा बाहेर पडला आणि २०२१ मध्ये देशातील आयुधनिर्माणींची सात कंपन्यांत विभागणी झाली तेव्हा चिलखती वाहनांच्या कंपनीचे मुख्य कार्यालयही येथेच आले. पण गाव आणि गावाचे नाव ही दोन्ही लष्करी डेपोच्या आधीची आहेत. आधी अर्थ आला आणि मग त्या अर्थाला शोभेल अशी व्युत्पत्ती लोकांनी घडविली, एवढेच खरे.

शब्दांच्या अभ्यासकाने ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. शब्दाचा उगम आणि शब्दाविषयी लोकांनी रचलेली उगमकथा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मात्र दुसरी खोटी ठरली म्हणून निरर्थक ठरत नाही. त्या शब्दात लोकांना काय ऐकू येते, हे ती सांगते. प्रस्तुत लेखात ज्या शब्दाचा विचार करावयाचा आहे त्या 'सायरन' शब्दाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

कारखान्यांच्या वस्तीत दिवसाचे तुकडे सायरनने पडतात. पाळी सुरू होण्याचा, जेवणाच्या सुटीचा, पाळी संपण्याचा सायरन निरनिराळा ओळखू येतो, आणि घड्याळ न पाहताही घरातली माणसे त्यावर चुलीचा आणि मुलांच्या शाळेचा हिशेब करतात. आता खडकीच्या किंवा अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतून बदलून आवडीस आलेले एखादे मराठी कुटुंब कल्पावे. कार्यालयाच्या सूचनापत्रावर 'सायरन' असे लिहिलेले असेल. शेजारचे तमिळ गृहस्थ त्याच आवाजाला 'संगु' म्हणतील. संगु म्हणजे शंख. आणि मराठी घरातली आजी म्हणेल, "भोंगा झाला". आवाज एकच, पण त्याची नावे तीन, आणि प्रत्येक नावाच्या पोटात निराळी आठवण आहे. यांपैकी पहिले नाव सर्वांत दूरचा प्रवास करून आलेले आहे आणि त्या प्रवासात त्याने आपला अर्थ जणू उलटा करून घेतला आहे. खलाशांना आपल्या गाण्याने ओढून घेऊन त्यांचा नाश करणारी जी, तिचेच नाव माणसांना संकटापासून दूर ठेवणाऱ्या यंत्राला कसे मिळाले? हा उलटापालटीचा प्रकार खरोखर उलटापालटीचा आहे काय? आणि मराठीत हा शब्द आणताना आपण त्यातले काय राखतो व काय गमावतो? या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

२

'सायरन'चे मूळ रूप ग्रीक 'सेइरेन' हे होय. ग्रीक वाङ्मयात या सेइरेन प्रथम भेटतात त्या होमरच्या 'ओदिसी' या महाकाव्याच्या बाराव्या सर्गात. ट्रॉयचे युद्ध संपवून घराकडे निघालेल्या ओदिसियसला किर्के ही मायाविनी पुढच्या वाटेवरील संकटे सांगून ठेवते. त्यांतले पहिले संकट म्हणजे हिरव्या कुरणात बसून गाणाऱ्या सेइरेन. त्यांचे गाणे ज्याने ऐकले त्याला घरी बायकामुले पुन्हा दिसत नाहीत. त्यांच्याभोवती माणसांच्या हाडांचा खच पडलेला आहे. म्हणून खलाशांच्या कानांत मेण भरावे आणि ओदिसियसला ते गाणे ऐकावयाचेच असेल तर त्याने स्वतःला डोलकाठीशी बांधून घ्यावे, असा तिचा उपदेश आहे. पुढे तसेच घडते. वारा पडतो, समुद्र निश्चल होतो आणि गाणे सुरू होते. दोर सोडा म्हणून ओदिसियस खुणा करू लागतो, तेव्हा सोबती आधी ठरल्याप्रमाणे त्याला अधिकच घट्ट बांधतात.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्ष देऊन पाहण्याजोग्या आहेत. पहिली ही की, होमर सेइरेनच्या रूपाविषयी एक अक्षरही बोलत नाही. त्या दोन आहेत एवढे मूळ ग्रीकातील द्विवचनावरून कळते. त्या सुंदर आहेत, तरुण आहेत, त्यांचे देह पक्ष्याचे आहेत की माशाचे, यांपैकी काहीही कवी सांगत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. त्या गाण्यातून त्या ओदिसियसला शृंगाराचे आमिष दाखवीत नाहीत. त्या त्याला ज्ञानाचे आमिष दाखवितात. ट्रॉयच्या विस्तीर्ण भूमीवर ग्रीकांनी आणि ट्रोजनांनी जे जे भोगले ते सर्व आपणांस ठाऊक आहे, किंबहुना पृथ्वीवर जे जे घडते ते ठाऊक आहे आणि आपले गाणे ऐकणारा अधिक जाणता होऊन जातो, असे त्यांचे आश्वासन आहे. दहा वर्षे लढून आलेल्या योद्ध्याला त्याच्याच युद्धाची कथा त्या गाऊन दाखवू पाहतात. आपल्या दुःखाचा अर्थ कोणीतरी आपल्याला सांगावा, याहून मोठा मोह अशा माणसाला दुसरा कोणता असणार? रोमन विचारवंत सिसरो याने इ. स. पूर्व ४५ मध्ये रचलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात हेच ओळखले होते. सेइरेनच्या आवाजाची गोडी किंवा त्यांच्या गाण्यातील नावीन्य यांमुळे माणसे तेथे अडकत नसत, जाणण्याच्या तृष्णेने अडकत, असा त्याचा अभिप्राय आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. 'सेइरा' म्हणजे दोर, यावरून 'सेइरेन' म्हणजे बांधणारी, असे काहींनी मानले. होरपळविणाऱ्या व्याध ताऱ्याचे 'सेइरिओस' हे नाव काहींनी जवळचे मानले. सेमिटिक भाषांतील गीतवाचक शब्दाशी काहींनी नाते जोडले. ग्रीकपूर्व एखाद्या भाषेतून हा शब्द आला असावा, असाही एक पक्ष आहे. यांपैकी पहिली उपपत्ती सिद्ध नसली तरी ती कोणाही वाचकाला चटकन पटते, कारण त्या कथेत दोर आहेच. मौज अशी की, सेइरेनच्या हातात तो दोर नाही. तो ओदिसियसच्या अंगाभोवती आहे आणि त्यानेच तो बांधविला आहे. गाण्याच्या अदृश्य बंधनातून सुटण्यासाठी त्याला दृश्य बंधन पत्करावे लागले. आवडीच्या आद्याक्षरांप्रमाणेच ही व्युत्पत्तीही उगम सांगत नसेल, परंतु अर्थ अचूक सांगते : हा बांधणारा आवाज आहे.

३

होमरने जे रिकामे ठेवले ते पुढच्या कलावंतांनी भरून काढले. ग्रीक मृत्पात्रांवर सेइरेन दिसतात त्या स्त्रीमुखी पक्षिणी म्हणून. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील असे एक प्रसिद्ध पात्र आहे. त्यावर ओदिसियस डोलकाठीला बांधलेला आहे आणि एक सेइरेन डोळे मिटून समुद्रात कोसळते आहे. अथेन्सच्या परिसरात इ. स. पूर्व चौथ्या शतकात थडग्यांवरही सेइरेन कोरल्या जात. तेथे त्या नाश करीत नाहीत, मृतासाठी शोक करतात. प्लेटोने तर 'रिपब्लिक'च्या शेवटच्या भागात आकाशाच्या आठ वर्तुळांवर एकेक सेइरेन बसविली आहे. प्रत्येकीचा एकच स्वर, आणि आठांचा मिळून विश्वाचा मेळ. ओव्हिडने त्यांना पर्सेफोनीच्या सख्या केले आणि हरवलेल्या सखीचा शोध समुद्रावरही घेता यावा म्हणून त्यांनी पंख मागून घेतले, अशी कथा सांगितली. एका कथेप्रमाणे पार्थेनोपे नावाच्या सेइरेनचा देह जेथे किनाऱ्याला लागला तेथे पुढे नेपल्स शहर वसले, आणि त्या शहराच्या रहिवाशांना आजही तिच्या नावावरून पडलेले विशेषण लावले जाते.

हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा या शब्दाने आणखी एक वळण घेतले. उद्ध्वस्त बाबिलोनमध्ये कोणते रानजीव वस्ती करतील याचे वर्णन यशया प्रवक्त्याच्या ग्रंथात आहे. त्यांतील एका ओसाडवासी प्राण्याच्या नावासाठी भाषांतरकारांनी 'सेइरेन' हा शब्द वापरला. मुळात तेथे शहामृगासारखा पक्षी अभिप्रेत असावा. अशा रीतीने, समुद्रावरची गायिका भाषांतराच्या एका निवडीने वाळवंटातील भग्नावशेषांत येऊन बसली. पुढे सेव्हिलचा इसिदोर या धर्मपंडिताने कथेतले अद्भुत काढून टाकून सांगितले की, सेइरेन म्हणजे खरोखरी वाटसरूंना कंगाल करणाऱ्या वेश्या होत. ज्ञानाचा मोह मागे पडला आणि देहाचा मोह तेवढा उरला. युरोपीय भाषांत मोहात पाडणाऱ्या स्त्रीला जे 'सायरन' म्हणतात त्याचे मूळ होमरमध्ये नसून या धर्मोपदेशकी अर्थात आहे.

याच मध्ययुगात सेइरेनची पिसे गळाली आणि तिला माशाची शेपूट फुटली. सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिल्या गेलेल्या राक्षसी जीवांच्या एका ग्रंथात ती कमरेखाली मासळीसारखी वर्णिलेली आढळते. त्यानंतर कित्येक शतके दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदली आणि अखेर शेपूट जिंकली. इंग्रजीत जलपरीला निराळा शब्द असल्यामुळे तेथे हा भेद काहीसा टिकला. फ्रेंच आणि इटालियन भाषांत मात्र जलपरी आणि सायरन या दोहोंना आजही एकच शब्द आहे. कोलंबसाने १४९३ च्या जानेवारीत समुद्रात तीन 'सायरन' पाहिल्याची आणि चित्रांत दाखवितात तितक्या त्या सुंदर नसल्याची नोंद आहे. त्याने पाहिले ते बहुधा मॅनॅटी हे सस्तन जलचर असावेत. प्राणिशास्त्रज्ञांनीही १८११ मध्ये या प्राण्यांच्या गणाला 'सायरेनिया' असे नाव दिले. त्याच गणातील डुगाँग हा प्राणी आवडीच्याच राज्यात, तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यालगत आढळतो. त्याच्या रक्षणासाठी २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र घोषित झाले. तमिळ माणूस त्याला 'कडल् पसु' म्हणतो आणि मराठीतही तो 'समुद्रगाय'च आहे. एकाच प्राण्यात युरोपच्या दर्यावर्दीने मोहिनी पाहिली आणि आपल्याकडच्या कोळ्याने गवत चरणारी गाय पाहिली. समुद्रतळावरचे गवत खाऊन जगणाऱ्या त्या जीवाला दुसरे नावच अधिक साजते, यात शंका नाही.

४

आता यंत्राकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन रॉबिसन यांनी हवेचा झोत ठरावीक अंतराने तोडून स्वर निर्माण करण्याची युक्ती शोधली होती. १८१९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कान्यार द ला तूर यांनी तिला सुधारलेल्या उपकरणाचे रूप दिले. रचना मोठी साधी आहे. वर्तुळाकार चकतीला समान अंतरावर भोके असतात आणि खालच्या स्थिर तबकडीलाही तशीच भोके असतात. खालून हवेचा झोत सोडला आणि वरची चकती फिरू लागली की भोकांवर भोके येताच हवा सुटते, सरकताच अडते. हे सुटणे-अडणे पुरेशा वेगाने होऊ लागले की कानाला सलग स्वर ऐकू येतो. चकतीला १२ भोके असतील आणि ती सेकंदाला २० फेरे घेत असेल तर सेकंदाला २४० कंपने होतात. वेग वाढला की स्वर चढतो, उतरला की उतरतो. धोक्याच्या सायरनचा तो सर्वपरिचित चढता-उतरता आक्रोश म्हणजे दुसरे काही नसून फिरणाऱ्या चक्राचे वेग घेणे आणि वेग टाकणे होय.

कान्यार द ला तूर यांचा हेतू स्वराची कंपने मोजण्याचा होता. कोणाला मोहविण्याचा नव्हता, तसा सावध करण्याचाही नव्हता. तथापि हे उपकरण पाण्याखालीही वाजते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि पाण्यात गाणारी म्हणून त्यांनी त्याला 'सिरेन' असे नाव दिले. येथे क्षणभर थांबण्याजोगे आहे. सेइरेन प्लेटोच्या आकाशात किंवा ग्रीक पात्रांवर पक्षिणीच राहिली असती, तर पाण्याखाली वाजणाऱ्या यंत्राला तिचे नाव कदाचित सुचले नसते. मध्ययुगात कोणा अनामिक लेखकाने तिला शेपूट दिली म्हणून पुढे एका शास्त्रज्ञाला हा विनोद साधला. शब्दांच्या चरित्रात असे योगायोग असतात, आणि भव्य कार्यकारणभाव शोधणाऱ्याने त्यांच्यापुढे नम्र व्हावे हेच बरे.

पुढचे वळण अधिक अर्थपूर्ण आहे. वाफेच्या दाबावर चालणारे मोठे सायरन तयार झाले आणि धुक्यात दिवा दिसत नसताना जहाजांना खडकांपासून दूर ठेवण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ लागला. १८७३-७४ मध्ये इंग्लंडच्या साउथ फोरलंड या किनाऱ्यावर जॉन टिंडल यांनी धुक्यातील ध्वनिसंकेतांचे जे प्रयोग केले त्यांत असा सायरनही होता. ज्या नावाने जहाजे खडकांवर ओढली जात, त्याच नावाचे यंत्र आता त्यांना खडकांपासून परतवू लागले. पुढे कारखाने, अग्निशमनदले, रुग्णवाहिका आणि अखेर विसाव्या शतकातील हवाई हल्ले यांनी हा शब्द घरोघर पोचविला. १९४२ च्या एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि मद्रास शहर मोठ्या प्रमाणावर रिकामे झाले, तेव्हा सायरन हा दक्षिणेतील लोकांच्या केवळ कोशातला शब्द उरला नव्हता. १९६५ आणि १९७१ मधील काळोखी मुंबई ज्यांनी पाहिली त्यांनाही तो आवाज विसरता येत नाही, आणि ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावात तो नव्या पिढीनेही ऐकला.

अर्थ उलटला, असे येथपर्यंत वाटते. पण नीट पाहिले असता तसे दिसत नाही. मोहाच्या गाण्यात आणि धोक्याच्या आवाजात एक गोष्ट समान आहे : दोन्ही ऐकणाऱ्याला निवडीची मोकळीक ठेवीत नाहीत. संभाषण ऐकावे की न ऐकावे हे आपल्या हाती असते. सायरन ऐकणे आपल्या हाती नसते. तो वाजला की हातातले काम सुटते, पाय आपोआप वळतात. ओदिसियसचे सोबती मेणामुळे वाचले. ज्याने ऐकले त्याला दोराने बांधावेच लागले. शब्दाचा गाभा मोह हा नव्हे आणि इशारा हाही नव्हे. आज्ञा मागे न ठेवणारी हाक, हा तो गाभा होय. ती कोणत्या दिशेने ओढते, एवढेच काय ते बदलले.

५

या प्रकाशात आवडीच्या उरलेल्या दोन नावांकडे पाहावे. तमिळने यंत्राला 'संगु' म्हटले ते आपल्या विधींच्या स्मरणातून. शंख देवळात वाजतो, युद्धारंभी वाजल्याचे महाभारत सांगते आणि तमिळनाडूत प्रेतयात्रेतही वाजतो. त्यामुळे तमिळमध्ये एखाद्याला 'संगु फुंकणे' म्हणजे त्याचा शेवट करणे, असा वाक्प्रचार झाला आहे. त्याच भाषेत तान्ह्या मुलाला दूध पाजण्याचे, आपल्याकडील बोंडल्यासारखे जे लहानसे पात्र असते त्यालाही 'संगु'च म्हणतात. जन्माचे दूध संगुतून, आयुष्यभराचे काम संगुवर आणि अखेरची यात्राही संगुसह, अशी एका शब्दाने पुरी केलेली ही प्रदक्षिणा आहे. ग्रीक थडग्यावर शोक करणारी सेइरेन आणि हा प्रेतयात्रेतला शंख यांत कुळाचे नाते नाही. परंतु न टाळता येणाऱ्या हाकेला माणसाने दोन्हीकडे मृत्यूच्या शेजारी बसविले, हे साम्य लक्षणीय आहे. मराठीतही 'नावाने शंख करणे' या प्रयोगात शंखाची मंगल बाजू नसून आक्रोशाचीच बाजू आहे.

मराठी 'भोंगा' मात्र कोणत्याही कथेतून वा विधीतून आलेला नाही. तो थेट आवाजातून आला. 'भों' हा ध्वनी आणि त्याच्यापुढे कर्णा. शब्द उच्चारताच कानाला वस्तू कळते. हा शब्द मुंबईच्या गिरणगावात रुजला आणि तेथे त्याने जे आयुष्य काढले ते कोणत्याही ग्रीक शब्दाहून कमी नाट्यमय नाही. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून नारायण सुर्व्यांच्या कवितेपर्यंत मराठी साहित्याने ज्या गिरणी कामगाराला आपल्यात घेतले त्याचा दिवस भोंग्याने उगवत असे आणि भोंग्यानेच मावळत असे.

थिओडोर अडोर्नो आणि माक्स होर्कहायमर या जर्मन विचारवंतांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सेइरेनच्या प्रसंगाची एक उपपत्ती मांडली आहे. ती येथे सहज आठवते. गाणे ऐकतो तो धनी, आणि तोही बांधलेला. वल्ही मारतात ते सोबती, आणि त्यांच्या कानांत मेण. सौंदर्याचा आस्वाद एकाच्या वाट्याला आणि श्रम दुसऱ्यांच्या, अशी त्या जहाजाची विभागणी त्यांना दिसली. गिरणगावात ही विभागणी नेमकी उलटी भासते. भोंगा ऐकावयाचा तो वल्ही मारणाऱ्यांनीच. त्यांच्या कानांत मेण घालण्याची सवलत कोणी दिली नव्हती.

आणि मग १८ जानेवारी १९८२ चा दिवस आला. मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बहुतेक गिरण्यांचा आवाज एका दिवसात थांबला. त्यांतल्या कित्येकींचा तो पुन्हा कधीच उमटला नाही. काफ्काने १९१७ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या कथेत म्हटले आहे की, सेइरेनजवळ गाण्याहूनही भयंकर असे एक शस्त्र आहे, आणि ते म्हणजे त्यांचे मौन. गिरणगावाने हे शस्त्र अनुभवले. भोंगा वाजत होता तोवर तो जुलूम होता : पहाटेची झोप मोडणारा, उशीर झाला तर मजुरी कापणारा. तो थांबला तेव्हा मात्र घराघरांतून दिवसाचा कणाच निघून गेला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकातील कुटुंब या थांबण्याच्या नंतरच्या काळात जगते. आणि त्यानंतरच्या आठवणींत, भाषणांत, स्मरणलेखांत भोंगा पुन्हा ऐकू येऊ लागला तो गोड होऊन. ज्याच्यापासून पळावेसे वाटे तोच आता बोलावू लागला. 'ओदिसी' न वाचलेल्या माणसांच्या तोंडी मराठी भोंग्याने सेइरेनचा मूळ अर्थ आपल्या बळावर मिळविला, असे म्हणावयास हरकत नाही.

यातच समीक्षकाला एक इशाराही आहे. गेलेल्या भोंग्याविषयीचे हे गोड गाणे ट्रॉयच्या गाण्यासारखेच आहे. तुम्ही जे भोगले ते आम्हांला ठाऊक आहे, असे ते म्हणते आणि ऐकणारा तेथेच बसून राहतो. भोवती पडलेली हाडे, म्हणजे बुडालेली मजुरी, मोडलेली घरे, लांबलेली देणी, त्याला मग दिसेनाशी होतात. गिरणगावावरचे चांगले लेखन कोणते आणि नुसते हळवे लेखन कोणते, हे ओळखण्याची एक कसोटी येथे मिळते : लेखकाने गाणे ऐकले आहे, पण तो डोलकाठीला बांधलेला आहे काय?

६

शेवटी भाषांतराचा प्रश्न. मराठीत सेइरेनसाठी 'अप्सरा', 'जलपरी', 'मोहिनी' असे शब्द बहुधा सुचतात. यांपैकी एकही होमरला लागू पडत नाही. अप्सरा तपस्व्याचे तप भंग करते ते रूपाने आणि नृत्याने. जलपरीला शेपूट आहे, ती होमरच्या सेइरेनला नाही. मोहिनी तर साक्षात विष्णूचे रूप. आपल्याकडे जवळची कथा शोधावयाचीच झाली तर ती अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील सिंहलावदानाच्या भित्तिचित्रात सापडेल. जहाज फुटून बेटावर आलेले व्यापारी, त्यांना पती म्हणून घरात घेणाऱ्या राक्षसिणी आणि मागे न पाहण्याच्या अटीवर सुटका करणारा दिव्य अश्व, अशी ती कथा आहे. पण तेथेही मोह आहे तो डोळ्यांचा आणि संसाराचा. गाणे नाही. उलट अजिंठ्यातच रंगविलेले पक्षिदेही किन्नर गातात, वाजवितात, पण कोणाचा घात करीत नाहीत. आपल्या परंपरेने गाणारा पक्षिदेह आणि घातकी बेट ही दोन्ही जपली, मात्र ती निरनिराळी ठेवली. ग्रीकांनी ती एकत्र केली. म्हणून सेइरेनला मराठीत तयार प्रतिशब्द नाही, आणि तो नसणे हे दारिद्र्य नव्हे.

माझ्या मते 'ओदिसी'च्या भाषांतरकाराने 'सायरन' हाच शब्द ठेवावा. आजचा मराठी वाचक तो शब्द रोज ऐकतो. काव्यात तो आला की वाचकाला प्रथम रुग्णवाहिका आठवेल आणि तो किंचित दचकेल. हे दचकणे भाषांतराचा दोष न मानता त्याचा लाभ मानावा. 'जलपरी' वाचून जो वाचक सुखावला असता तो 'सायरन' वाचून सावध होईल, आणि होमरची कथा सावधपणानेच ऐकावयाची आहे.

आवडीच्या वसाहतीत पाळीचा आवाज झाला की एका घरात शंख ऐकू येतो, दुसऱ्या घरात भोंगा आणि कार्यालयाच्या कागदावर तीन हजार वर्षांमागची गायिका. कामगार मात्र यांतले काही मनात न आणता डबा उचलतो आणि फाटकाकडे चालू लागतो. तो तसा चालू लागतो, हाच या शब्दाचा अर्थ आहे.